सोमवारचे बाबा

हरणं हा माझ्या बाबांच्या नोकरीचा भाग होता, हे मला दहाव्या वर्षी कळलं. तोवर मला एवढंच ठाऊक होतं, की ते मुंबईत एका मोठ्या क्लबात कामाला आहेत आणि सोमवारी घरी येतात.

सोमवारी क्लब बंद असे. बाबा पहिली लाँच धरून मांडव्याला उतरत, तिथून अलिबाग, अलिबागहून मुरूडची एसटी, आणि काशीदच्या अलीकडे आमच्या फाट्यावर साडेदहा-अकराला पोचत. मी शाळेत असले तर मधल्या सुट्टीत धावत घरी येई. मंगळवारी मी उठायच्या आत ते गेलेले असत. चुलीवर चहाचं टोप अजून कोमट असे, तेवढंच. पावसाळ्यात लाँच बंद पडत. मग पेण-पनवेलच्या वळशानं एसटीनं यावं लागे आणि एक सोमवार आड ते येत. पावसाळा म्हणजे बाबा कमी, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. अजूनही ते गेलेलं नाही.

गावात कुणी विचारलं, "तुजा बापूस क्लबात काय करतो ग?" की मी म्हणे, "मार्कर हायत." त्यावर कुणाला काही उमजत नसे, आणि मलाही फारसं नाही. स्क्वॉशच्या कोर्टावर काम करणाऱ्या माणसाला तेव्हा मार्कर म्हणत. चार भिंतींची बंद खोली, दोघं खेळाडू एकाच भिंतीकडे तोंड करून उभे, आणि लिंबाएवढा काळा रबरी बॉल. एकानं तो समोरच्या भिंतीवर मारायचा, दुसऱ्यानं जमिनीवर दोन टप्पे पडायच्या आत परत भिंतीवर घालायचा. भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी. बॉल तिच्यावर आदळला की बाद. क्लबातल्या एखाद्या साहेबाला खेळायला जोडीदार नसला की बाबा त्याच्याशी खेळत. जोडीदार असला की वर बसून गुण मोजत. उरल्या वेळात रॅकेटी विणत, लाकडी जमीन ओल्या फडक्यानं पुसत. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्या बापांचे असेच असतात.

दहाव्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी हट्टच धरला. आई म्हणाली, "न्या तिला एकदा, म्हणजे डोकं खायची न्हाय." बाबा मला घेऊन गेले. क्लबाच्या मुदपाकखान्यामागं नोकरांच्या खोल्या होत्या, तिथं मी चार दिवस राहिले. पहिल्याच सकाळी त्यांनी मला एका लाकडी जिन्यानं वरच्या सज्जात बसवलं. "आवाज करायचा न्हाय," म्हणाले. मी कठड्याच्या फटीतून खाली बघू लागले.

खाली बाबा पांढऱ्या कपड्यांत होते. मी त्यांना पांढऱ्या पॅंटीत कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्याबरोबर एक उंच, गोरे, चष्मा दोरीनं मागं बांधलेले गृहस्थ. ते डोळ्यांचे डॉक्टर होते, गुजराती. मराठी मोडकंतोडकं, पण बाबांशी हट्टानं मराठीतच बोलत. आठवड्यातले तीन दिवस पहाटे ते बाबांशी खेळत. मला खेळ कळत नव्हता, पण गुण बाबा मोठ्यानं सांगत होते, म्हणून हिशेब कळत होता. तेव्हा नवाचा डाव असे. बाबा सात, डॉक्टर चार. मी कठडा घट्ट धरला. मग बाबांचा एक बॉल पत्र्यावर गेला. मग आणखी एक. एक सोपा बॉल त्यांच्या पायाशी दुसऱ्यांदा टेकला आणि ते नुसते बघत राहिले. नऊ-सात. डॉक्टर घामानं भिजून हसत होते. त्यांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली. "आज तू थकला रे!" बाबाही हसले. ते जराही थकलेले नव्हते. त्यांचा सदरासुद्धा कोरडा होता.

मी खोलीवर जाऊन रडले. बाबा आले तेव्हा म्हटलं, "तुम्ही मुद्दाम पत्र्यावर मारलात."

"कोण म्हणतं?"

"मी बघितलं."

ते खाटेवर बसले. तुटलेल्या तारांची एक रॅकेट त्यांच्या मांडीवर होती. ती बोटांनी चाचपत म्हणाले, "बाय, ही लोकं दिवसभर कामानं पिचतात. पहाटे एक तास खेळायला येतात. रोज हरून गेला तर माणूस उद्या यायचा न्हाय. आणि फार सहज जिंकला तरी त्याला मजा न्हाय. दोन पॉइंटांनी हरायचं. त्यालाबी अक्कल लागते."

"तुम्हाला जिंकावंसं वाटत नाही?"

त्यांनी रॅकेट खाटेखाली सरकवली. म्हणाले, "चल, पाव-आम्लेट खाऊ."

त्यांना जिंकावंसं वाटायचं, हे मला घरी कळलं, आमच्या गोठ्याच्या मागं. तिथली चिऱ्याची भिंत त्यांनी स्वतः सिमेंटनं गुळगुळीत करून घेतली होती आणि तिच्यावर चुन्याची आडवी रेघ ओढली होती. सोमवारी दुपारी जेवण झालं की ते तिथं एकटेच खेळत. बॉल आधी दोन्ही तळव्यांत चोळून गरम करायचा, कारण थंड बॉल उसळत नाही. मग सुरू. तिथं त्यांचा एकही बॉल वाया जात नसे. मी बघत उभी राहिले की एकेक जागा सांगत आणि बॉल तिथंच जाऊन पडे. "त्या पोपड्याला." ठप्. "त्या काळ्या डागाला." ठप्. त्यांचा चेहरा तेव्हा वेगळा दिसे. क्लबात मी तसा पाहिला नव्हता.

मला त्यांनी एक मोडकी रॅकेट मूठ कापून दिली. तीन वर्षं मी सोमवारी दुपारी त्यांच्याबरोबर खेळले. आई कधी कधी ओट्यावर येऊन म्हणे, "आठ दिवसांनी घरला येता नि भिंतीशी बोलत बसता. जरा माज्याशीबी बोला." मग बाबा रॅकेट मला देऊन तिच्याजवळ जाऊन बसत. एवढ्याशा सोमवारावर आम्हा दोघींचा हक्क होता आणि दोघींनाही तो पुरत नसे. आई त्यांना गावातल्या गोष्टी सांगे, कुणाची वाडी विकली, कुणाच्या सुनेला काय झालं, आणि मी भिंतीवर बॉल मारत त्यांच्या लक्षाची वाट बघे. बॉल जोरात मारला की ते मान वळवून बघत. म्हणून मी जोरात मारायची.

तेराव्या वर्षी मी म्हटलं, "मला खऱ्या कोर्टावर खेळायचंय." क्लबात साहेबांच्या मुली खेळायच्या, मी पाहिलं होतं. बाबांनी "बघतो" म्हटलं. पुढच्या सोमवारी ते आले, पाय धुतले, जेवले, आणि भिंतीकडे न जाता ओट्यावर बसले. म्हणाले, "सेक्रेटरी साहेबांना विचारलं. नियमात बसत न्हाय." एवढंच. त्यांना ते विचारायला किती जड गेलं असेल, हे तेव्हा नाही, फार उशिरा लक्षात आलं. माझं खेळणं हळूहळू सुटलं.

नियम त्यांनाही होतेच. क्लबात स्पर्धा भरत, बाहेरगावचे खेळाडू येत, फौजेतले अधिकारी येत. बाबा वर बसून गुण मोजत. मार्कर म्हणजे पगारी माणूस, आणि पगारी माणसाला त्या स्पर्धांत खेळायची मुभा नव्हती. एकदा मी विचारलं होतं, "त्यांच्यात तुमच्याइतकं चांगलं कुणी होतं?" बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "एक होता."

पुढं खेळ बदलत गेला. मी लग्न होऊन काशीदला आले, मुलगी झाली, नवऱ्यानं आणि मी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. सोमवारी मी माहेरी जाई तेव्हा बाबा नव्या नव्या बातम्या आणत. आता उपनगरांतली, साध्या घरांतली पोरंही शिकायला येतात. चेन्नईला पोरांना राहून शिकता येतं. एका मोठ्या दुकानांच्या इमारतीत मधोमध काचेचं कोर्ट उभारलं होतं, चारी भिंती काचेच्या, आणि सामान घ्यायला आलेली माणसं पिशव्या घेऊन बघत उभी होती. "बाय, बायामाणसं पोरांना कडेवर घेऊन बघत होती. स्क्वॉश!" ते सांगत आणि स्वतःच हसत. आपल्या मुलींनी बाहेरच्या देशांत पदकं आणली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण खिशातून काढून दाखवलं. त्यातल्या एकीला तिच्या लहानपणी त्यांनी बॉल टाकले होते. कात्रणात तिच्या कोचचं नाव होतं. क्लबातही आता सर्टिफिकेटवाला कोच आला होता आणि बाबांकडे रॅकेटी विणणं आणि डॉक्टरांसारख्या जुन्या मंडळींशी खेळणं उरलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटलं का, मी विचारलं. म्हणाले, "खेळ मोठा झाला, यात वाईट काय?" खरंच तसं वाटत होतं त्यांना. पण कात्रण त्यांनी परत खिशात ठेवलं, घरात ठेवलं नाही.

आईनं सगळी उमर एकाच गोष्टीची वाट बघितली, बाबा रिटायर होऊन घरी येण्याची. "मग रोज सोमवार," म्हणायची. ते यायच्या दोन वर्षं आधी ती गेली. कावीळ झाली आणि महिन्याभरात गेली. बाबा आले ते रिकाम्या घरात. मी त्यांना काशीदला आमच्याकडे आणायचा प्रयत्न केला, ते आले नाहीत. सकाळी वाडीत पाणी लावायचं, दुपारी गोठ्याच्या मागं खेळायचं, संध्याकाळी माझा फोन. माझ्या मुलीला त्यांनी शिकवून बघितलं. ती महिनाभर खेळली आणि मग म्हणाली, "आजोबा, मला कबड्डी आवडते." ते म्हणाले, "मग कबड्डी खेळ," आणि तिचे सामने बघायला एसटीनं रोह्यापर्यंत गेले.

स्क्वॉश ऑलिंपिकमध्ये घेणार, ही बातमी आली तेव्हा त्यांनी मला सकाळी सातला फोन केला. पाहुण्यांचे पोहे गॅसवर होते. "बाय, ऐकलंस का? ऑलिंपिकात घेतला!" जसं काही घरातल्या कुणाचं नाव लागलं होतं. त्यानंतर त्या खेळाबद्दल कुठं ना कुठं काही ना काही छापून येऊ लागलं. माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर एक जाहिरात पाहिली. नवी मुंबईत एका नव्या कोर्टावर वयस्कांची स्पर्धा होती. पासष्टीच्या पुढचा गट. कुणीही नाव देऊ शकेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि बाबांकडे गेले.

"मी पगारी माणूस," ते म्हणाले.

"आता नाही. आणि तो नियमही आता नाही."

"क्लबाचं नाव काय लिहिशील?"

फॉर्मात तशी चौकट होती खरी. मी आमच्या गावाचं नाव लिहिलं. बाबांनी ते वाचलं आणि चष्मा पुसत बसले.

आम्ही दोघंच गेलो. रेवसहून तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या छोट्या बोटीनं, करंजाला उतरलो आणि पुढं बस. न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनरांच्या चळती आणि ट्रेलरांची न संपणारी रांग. पूर्वी इथं मिठागरं होती, बाबा सांगत होते. बोलणं मिठागरांबद्दल होतं, पण हात पिशवीतल्या रॅकेटीवर.

कोर्टाची मागची भिंत काचेची होती. प्रेक्षक काचेमागं बाकांवर. मी पुढच्याच बाकावर बसले. पहिल्या फेरीत एक निवृत्त फौजी गृहस्थ होते. बाबांनी त्यांना सरळ तीन डावांत हरवलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या बापाला पहिल्यांदा जिंकताना बघत होते. तोच गोठ्यामागचा चेहरा. त्या चेहऱ्याला आता आजूबाजूला माणसं होती, टाळ्या होत्या. मी इतकी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते, की शेजारच्या बाईंनी विचारलं, "आपले कोण?"

दुपारच्या फेरीचा कागद लागला आणि बाबांच्या नावासमोर डॉक्टरांचं नाव होतं.

डॉक्टर स्वतःच शोधत आले. पाठीत थोडे वाकलेले, चष्मा तसाच दोरीनं बांधलेला. त्यांनी बाबांना मिठीच मारली. "अरे, मी तुझा नाव वाचला, मला वाटला दुसरा कोण असेल! आईचा ऐकला मी, फार वाईट वाटला." आईचा म्हणजे माझ्या आईचं जाणं. माझ्याकडे वळून म्हणाले, "सत्तावीस वरस खेळलो आम्ही. आज पण हा हरणार!" आणि मोठ्यांदा हसले. बाबाही हसले. ते हसू मी ओळखलं. सज्जातून पाहिलेलं.

पहिला डाव बाबा हरले. आता अकराचा डाव असतो. सात-चार पुढं होते आणि मग पत्र्यावर एक, मग आणखी एक. अकरा-नऊ. डावांच्या मध्ये खेळाडू बाहेर येतात. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. बाबा टॉवेलनं तोंड पुसत होते. सदरा कोरडा.

मी हळू आवाजात म्हटलं, "बाबा, आज पगार नाही."

त्यांनी टॉवेल खाली घेतला. "सवय झालीय ग हाताला," म्हणाले.

"मी बघायला आलेय." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा कठोर निघाला. "दहा वर्षांची होते तेव्हापासून बघतेय."

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि आत गेले.

पुढच्या तीन डावांना मिळून वीस मिनिटंही लागली नाहीत. बॉल डॉक्टरांच्या हाताला लागेना. मागच्या कोपऱ्यात धावले की पुढं, पुढं धावले की मागं. अकरा-तीन. अकरा-दोन. काचेमागची माणसं आधी ओरडत होती, मग गप्प झाली. शेवटच्या डावात एका बॉलसाठी डॉक्टर धावलेच नाहीत. मधोमध उभे राहून बाबांकडे बघत राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता. मी मनात गुण मोजत होते, ते मोजणंही तिथं थांबलं. त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस सत्तावीस वर्षांचे सगळे सकाळचे तास मनात परत खेळतोय.

सामना संपल्यावर त्यांनी हात पुढं केला. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

"किती वरस?" त्यांनी विचारलं.

"न्हाय साहेब," बाबा म्हणाले. "आज तुमचा गुडघा दुखत असंल."

"माझा गुडघा बरा आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही फार छान खेळता." सत्तावीस वर्षांत त्यांनी बाबांना 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. पिशवी उचलून ते निघून गेले, आमच्याकडे वळून न बघता.

परतीच्या तरीत बाबा काठाला बसले होते. मी म्हटलं, "जिंकलात." ते पाण्याकडे बघत होते.

"नको होतं करायला, बाय."

"का? तुमचा हक्क होता."

"हक्क होता. पण त्यांचंबी काहीतरी होतं ना. मीच दिलेलं. दिलेलं परत घेतात का?"

दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला ते गेले नाहीत. पाय दुखतो म्हणून कळवायला लावलं. गोठ्यामागं खेळणंही त्यांनी बंद केलं. दुपारी मी गेले की ओट्यावर बसलेले असत. भिंतीवर पावसाची शेवाळ चढली, ती त्यांनी काढली नाही. मी किती रात्री... नाही, रात्री नव्हे, कामं करता करता दिवसाढवळ्याच ते बोलणं आठवे मला. 'मी बघायला आलेय.' मला काय बघायचं होतं? ते माझ्यासाठी होतं, त्यांच्यासाठी नाही, हे मान्य करायला मला बरेच महिने लागले. ते मान्य केल्यावर एकदा मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "तू न्हाय, माजा हात खेळला. हाताला तरी कुठवर धरून ठेवायचं?"

दिवाळीनंतर डॉक्टरांचा फोन आला. बाबा उभं राहूनच बोलले. "व्हय साहेब... न्हाय साहेब... येतो साहेब." फोन ठेवून म्हणाले, "खेळायला बोलवलंय. क्लबात न्हाय. बाहेर एक कोर्ट झालंय, पैसे भरले की कुणीबी खेळतं. म्हणाले, एक अट आहे. खरं खेळायचं."

तेव्हापासून महिन्यातून एकदा बाबा मुंबईला जाऊ लागले. आता बोट वेगळी, मोठी, गाड्या पोटात घेणारी. ते संध्याकाळी परतत आणि मी मुद्दाम मांडव्याला घ्यायला जाई. दर वेळी तेच जिंकत. "पण साहेब खूश असतात," सांगायचे. "एक पॉइंट मिळाला तर पोरासारखे उड्या मारतात. चहा पाजतात. आज त्यांनी मला विचारलं, तो मागच्या कोपऱ्यातला फटका कसा मारता. शिकवला मी." शेवाळ त्यांनी खरवडून काढली होती. भिंत परत पांढरी दिसत होती.

एका संध्याकाळी ते बोटीतून उतरले ते वेगळेच. चेहरा फुललेला. गाडीत बसता बसता म्हणाले, "आज एक डाव साहेब जिंकले. अकरा-नऊ."

मी इंजिन सुरू केलं नाही. "खरंच?"

"व्हय. पाय पोचला न्हाय माजा."

"बाबा."

"खरंच ग," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी पुढं विचारलं नाही. त्या रात्री ते आमच्याकडेच राहिले आणि दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या पौषात दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. शेजारीण दूध द्यायला गेली तेव्हा कळलं. मी गेले तेव्हा चेहरा शांत होता. उजवा हात पोटावर. अजूनही डाव्यापेक्षा जाड.

मी डॉक्टरांना फोन केला. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, "मी बोटीनी येतो. तुम्हाला भेटायचा आहे." मी मांडव्याला गेले. ते काठी टेकत सावकाश उतरले. एवढ्या लांब वाटेनं त्यांना घरापर्यंत न्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून आम्ही धक्क्याजवळच एका हॉटेलात बसलो. चहा मागवला.

"एक विचारायचा होता," ते म्हणाले. "मी एक डाव जिंकला होता. तो खरा होता का? तुम्हाला सांगितला असेल त्यांनी."

मी त्यांच्याकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस समुद्र ओलांडून हे विचारायला आला होता.

"मला म्हणाले, खरंच हरलो," मी सांगितलं. "पाय पोचला नाही म्हणाले."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. मी जे ऐकलं होतं तेच सांगितलं होतं. त्यापलीकडचं मलाही माहीत नव्हतं, आणि आता विचारायला कुणी नव्हतं.

मग मी म्हटलं, "आता मी एक विचारू?"

"विचारा ना."

"आमच्याकडे ते फक्त सोमवारी असायचे. बाकीचे सहा दिवस तुमच्याकडे. त्या दिवसांतलं मला काहीच माहीत नाही. ते तिथं कसे असायचे?"

डॉक्टर जरा गोंधळले. एवढा मोठा प्रश्न कुणी त्यांना विचारला नसावा. मग आठवून आठवून सांगू लागले. मुदपाकखान्याच्या दारात एक कानतुटकं मांजर होतं, त्याच्यासाठी बाबा माशाचं डोकं कागदात बांधून ठेवायचे. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन ते सज्जाच्या खिडक्या उघडायचे, कारण आतली हवा कोंदट व्हायची. नव्या पोरांना बुटांची गाठ कशी मारायची ते खाली बसून शिकवायचे. उन्हाळ्यात ताकात मीठ जास्त घालायचे. मी एकेक गोष्ट ऐकत होते. चहा निवला, तरी आम्ही दोघांनी घेतला नाही.

"आणि गायचे," ते म्हणाले.

"कोण, बाबा?"

"हो. रॅकेट विणताना. रोज."

घरी बाबा कधी गायले नव्हते. ना आईसमोर, ना माझ्यासमोर, ना माझ्या मुलीला झोपवताना. मी विचारलं, "काय गायचे?"

"शब्द नाही माहीत. तुमच्याकडचा काहीतरी. गावचा असेल."

"चाल?"

डॉक्टर ओशाळले. "मला गाता येत नाही."

"येईल तसं," मी म्हटलं.

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली, चष्मा काढला, आणि डोळे मिटून हळू आवाजात गुणगुणायला लागले. सूर हलत होता, मध्येच तुटत होता, परत पहिल्यापासून सुरू होत होता. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला, म्हणून मी पुढं वाकले. होळीचं असेल का, लग्नातलं असेल का, नाचाचं असेल का, मी ओळखायला बघत होते. मला ओळखता आलं नाही.

"परत एकदा म्हणा," मी म्हटलं, आणि त्यांनी परत सुरू केलं.